दुर्बिणीची पाळी

११ ऑक्टोबर १९८१, रविवार

सत्तरीच्या बाईला पोटच्या पोरानं सांगावं की तोंड बंद ठेव, आणि तिनं ते ऐकून घ्यावं, असा दिवस ज्यानं आणला त्या टिकारामचं नाव या वहीत पहिलं लिहिते. देवाचं नंतर.

॥ श्री ॥

झालं, देवाचंही आलं.

माझा गुन्हा असा. पोळ्याच्या आधी तुळसाचा फोटो पाहायला एक पाहुणे आले होते. तुळसा माझी नात, टिकारामची मोठी पोरगी. सव्वीस वर्षांची आहे, बंगलोरला असते, आणि तिला ताऱ्यांकडे पाहायचा पगार मिळतो. पाहुणे फोटो पाहून म्हणाले, मुलगी जरा जास्तच शिकली. मी एवढंच विचारलं की मुलगी जास्त शिकली, की तुमचा मुलगा कमी शिकला? त्यांनी पोहे अर्धे टाकले आणि गेले. चांगले शेंगदाणे घातले होते पोह्यात.

आता भंडाऱ्याचे यादोराव येणार आहेत. पितळी भांड्यांचं मोठं दुकान आहे, भोजराज नावाचा एकुलता एक पोरगा आहे. टिकारामनं माझ्यापुढे हात जोडले. म्हणाला, "माय, हे सोयरीक जमेपर्यंत तोंडाले कुलूप लाव. मंग जलमभर बोलजो." मी देवापुढचा दिवा साक्षीला ठेवून कबूल केलं. कबूल केलं ते केलं. बाहेरच्यांपुढे आणि लग्नाच्या गोष्टीत एक शब्द नाही.

तुळसा दसऱ्याला आली आहे, तिनं ही डायरी दिली. लाखांदूरच्या खताच्या दुकानाची आहे, वर पोत्याचं चित्र आहे. म्हणते, "आजी, आमच्याकडे जे जे पाहिलं त्याची तारीख घालून नोंद ठेवतात. तू तुझ्या शिव्यांची ठेव." मी तिसरीपर्यंत शिकले. मास्तर छडी मारून सांगायचा, बोलताना 'मले' म्हणा, कागदावर 'मला' लिहा. मास्तर मेला, छडी मोडली, हात अजून भितो.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

पोरगी सुट्टीवर आली आणि ओसरीवर कागद पसरून बसली. काय करतेस विचारलं तर म्हणते, अर्ज लिहिते. कशाचा? वेळेचा.

मी या वयापर्यंत जमिनीचा अर्ज पाहिला, सिमेंटचा पाहिला. वेळेचा अर्ज पहिल्यांदा पाहिला. माझ्याकडे मागितला असता तर पोतंभर दिला असता. माझ्या घरात टिकाराम आहे, तो दिवसभर वेळच पिकवतो.

मग तिनं समजावलं ते असं. तीन-चार वर्षांपूर्वी अमेरिका आणि युरोपवाल्यांनी मिळून एक दुर्बीण वर सोडली. वर म्हणजे हवेच्याही वर. काही तारे इतके तापट असतात की त्यांचा खरा उजेड आपली हवा खालीच येऊ देत नाही, मधेच पिऊन टाकते. तो पाहायचा तर हवेच्या वर जावं लागतं. तिथं माणूस नाही, नुसती दुर्बीण फिरते, आणि खाली स्पेन नावाच्या देशात एका खोलीत बसून तिला सांगायचं, इकडे वळ, तिकडे वळ. दिवसाही तारे दिसतात म्हणे तिला. आमच्या टिकारामला परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी दिसले होते, त्याला दुर्बीण लागली नाही.

दुर्बीण एक आणि मागणारे दुनियाभरचे. म्हणून दिवसाचे आठ-आठ तासांचे तीन तुकडे केले. ज्याला तुकडा हवा त्यानं अर्ज करायचा. पाच-सात शहाणे बसतात, सगळे अर्ज वाचतात, आणि ठरवतात कोणाला द्यायचा, कोणाला नाही. वर्षातून एकदाच. त्या तुकड्याला ती शिफ्ट म्हणते.

मी म्हटलं, "शिफ्ट कायची? पाळी म्हण ना."

ती हसली. म्हणाली, "हो, पाळीच."

मग एवढं इंग्रजी कशाला खर्च केलं? आमच्या तलावाचं हेच आहे. तलाव एक, खाली धानाच्या बांध्या दोनशे, ऑक्टोबरात पाऊस संपतो आणि भारी धान तेव्हाच निसवायला येतं. लोंबी पोटात असताना एक पाणी चुकलं की घरात नुसता कोंडा. म्हणून पंच तलावाच्या बांधावर, पारीवर बसतात आणि पाळ्या वाटतात. अमेरिकावाले चंद्रावर जाऊन आले आणि शेवटी आमच्या तलावाच्या पारीवर येऊन बसले.

१४ ऑक्टोबर, बुधवार

अर्ज मराठीत करून वाचून दाखव म्हटलं. दाखवला.

पहिलंच वाक्य, "या ताऱ्याचा अभ्यास करणे उद्बोधक ठरेल." मी तिथंच थांबवलं. खालच्या आळीत एकजण दरवर्षी पंचांपुढे असंच बोलतो, पाणी मिळालं तर बरं होईल. पंचही म्हणतात, हो, बरं होईल. त्याचं धान दरवर्षी वाळतं.

तारा कोणता ते विचारलं. एक नाही, जोडी आहे. एक मोठा, थंड, फुगलेला. दुसरा लहान, पण भयंकर तापट, आणि मोठ्याच्या अंगावरचं ओढून ओढून खातो. म्हणजे घरजावई. मी म्हटलं, असा पाहायला वर कशाला जावं लागतं, आपल्याच आळीत दोन आहेत. ती म्हणाली, हा लपलेला आहे, त्याचा उजेड खाली पोचत नाही. काही महिन्यांनी मोठा त्याच्यापुढे येतो आणि त्याला झाकतो. येत्या मे महिन्यात झाकेल. झाकायच्या आधी एकदा पाहायचा, झाकल्यावर एकदा. म्हणजे कळेल की काय त्याचं स्वतःचं आणि काय ओढून आणलेलं.

हे ऐकून मला बरं वाटलं. निदान कामाची गोष्ट आहे. घरजावयाचं स्वतःचं किती हे कोणीतरी मोजायलाच पाहिजे.

मग मी विचारलं, किती पाळ्या मागितल्या? म्हणे सहा. लागतात किती? दोन. मग सहा कशाला? म्हणे सगळेच वाढवून मागतात, कापून कापून दोन देतात. तिच्या सरांनीच सांगितलं.

मी म्हटलं, "तुझ्या सरले सांग, वाढवून मांगणारा पयले आपल्या शेताले खोटा पाडते." आमच्याकडे पंच ओळखतात. कोणती बांधी, लोंबी कुठे आली, किती पाणी, कोणत्या दिवशी, नाही मिळालं तर काय जाईल, विहिरीचं पाणी का चालत नाही, आणि बांधीच्या कडेचे धुरे मातीनं बांधून ठेवले की नाही. एवढं सांगायचं आणि गप बसायचं. धुरे फुटके ठेवून पाणी मागणाऱ्याला मी स्वतः पारीवरून हाकललं आहे.

तिनं काही लिहिलं नाही. पेन चावत बसली. शिकलेल्यांचं हेच, दुसऱ्याचं पटलं की दात दुखतात.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज पाण्याची बैठक. दरवर्षी मी बोलते. यंदा कुलूप, बाहेरच्यांपुढे एक शब्द नाही. टिकाराम बोलणार म्हणून सगळे पंच खूष. तुळसाही आली, कडेला बसली.

टिकाराम उठला आणि चार दिवसांचं पाणी मागितलं. त्याच्या आधीच्यानं पाच मागितलं होतं, त्याच्या आधीच्यानं सहा. तेजराम पाणकर, जो तलावाचं तुडुम उघडतो आणि पाणी सोडतो, तो काडीनं दात कोरत ऐकत होता. एवढं पाणी वाटायचं तर वैनगंगाच आणून सोडावी लागेल. मी पदर तोंडात धरून बसले. जिभेला घट्टे पडले.

तेवढ्यात तुळसा उभी राहिली. म्हणाली, "तेजरामकाका, आमाले एकच दिवस पायजे. पण गुरुवारीच. पारीखालच्या तीन बांध्या निसवून राहिल्या, बाकीच्या आठ दिवस थांबतात. धुरे काल बांधले, येऊन पाहा. आधी दिलं तं वाया जाईल, मागून दिलं तं कामाचं नाई."

तेजरामनं काडी टाकली. गुरुवार दिला.

घरी येताना टिकाराम तिच्यावर भडकला. म्हणे चार मागितले असते तर दोन तरी आले असते, बाईमाणसानं मधे पडून एकावर आणून ठेवलं.  पण तुळसानं घरी येऊन अर्जाचा कागद फाडला आणि नव्यानं लिहायला बसली. दोन पाळ्या, तारखांसकट. दुर्बिणीचं तोंड किती मिनिटं उघडं ठेवायचं तेही लिहिलं. जमिनीवरच्या दुर्बिणीतून हे का होत नाही ते लिहिलं. सहाचा आकडा गेला.

मी खूष झाले असं कोणी समजू नये. खाडाखोड फार करते ती.

१८ ऑक्टोबर, रविवार

यादोराव आले. बायको, पोरगा, आणि आमच्या शेजारची शकुनबाई, जी यादोरावच्या बायकोची सख्खी बहीण आहे आणि आमच्या चुलीत काय शिजतं ते भंडाऱ्याला कळवायचं काम फुकट करते.

यादोरावनं पाण्याचा लोटा हातात घेतला, पाणी पिण्याआधी नखानं वाजवला, पिऊन झाल्यावर उलटा करून बुडाचा शिक्का पाहिला. मग तुळसाकडे तसंच पाहिलं. वाजवता आलं नाही म्हणून प्रश्न विचारले. स्वयंपाक येतो का. चष्म्याचा नंबर वाढतो का. नोकरी सोडायची तयारी आहे ना. भोजराज सगळा वेळ पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता. एकदाच बोलला, "दुर्बिणीतून आमचं भंडारा दिसते का?" तुळसा म्हणाली, नाही, ती दुसरीकडे पाहते. तो म्हणाला, "मंग काय उपयोग."

मी जीभ चावली. रक्त आलं. खोटं लिहीत नाही.

यादोरावना मुलगी पसंत. वैशाखात लग्न, नोकरी बंद. पाहुणे गेल्यावर तुळसा बापाला म्हणाली, अर्जाचा निकाल मार्चात येईल, तोवर शब्द देऊ नका. बरीच रडारड झाली, ती माझ्या सुनेची, रुखमाची. तुळसा रडली नाही. शेवटी टिकाराम बोलला ते सगळ्यांपुढे बोलला, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

"पाळी मिळाली तं जाय, मी आडवा येत नाई, यादोरावले मीच नाई म्हणतो. नाई मिळाली तं वैशाखात हात पिवळे करीन, अन बंगलोर सोडून देजो."

तुळसा म्हणाली, "ठीक आहे, बाबा."

मूर्ख पोरगी. पाच-सात अनोळखी माणसांच्या हातात जन्म देऊन मोकळी झाली. तिच्या आजोबानं मला पाहायला फक्त दोघं आणले होते.

२१ ऑक्टोबर, बुधवार

तुळसा गेली. दिवाळी सहा दिवसांवर असताना गेली, कारण अर्जावर सरांची सही पाहिजे आणि तो महिना संपायच्या आत समुद्रापार पोचला पाहिजे. लाखांदूरच्या बसमध्ये बसवून आले. चिवडा दिला. चकल्या मोडल्या होत्या, त्याही दिल्या.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

पाणी आलं. तीन बांध्या भिजल्या, एक थेंब धुऱ्याबाहेर नाही. ज्याला पाच दिवस पाहिजे होते त्याला दोन मिळाले आणि त्याच्या फुटक्या धुऱ्यातून ते आमच्या खालच्या बांधीत आलं. देव नाही असं म्हणत नाही मी.

१५ मार्च १९८२, सोमवार

डायरी एक्याऐंशीची आहे, साल ब्याऐंशी लागलं. जानेवारीपासूनची पानं कोरी होती, म्हणून मार्चात मार्च लिहिते, वार खोडते. मधे लिहिण्यासारखं घडलं नाही. धान आलं, एक म्हैस व्याली, यादोरावनं संक्रांतीला पितळेचा डबा पाठवला. बुडाचा शिक्का मी पाहिला. त्यांच्याच दुकानातला, झाकण बसत नाही.

आज तुळसाचं कार्ड आलं. टेकचंद पोस्टमननं आणून दिलं, वाचूनही दिलं. मला वाचता येतं हे त्याला ठाऊक आहे, पण त्याच्या तोंडाला सवय आहे. लिहिलं होतं, "आजी, पाळी हुकली. दोन्ही गेल्या. आता काय करू ते तूच सांग. बाबांना मी तोंड कसं दाखवू? तुळसा."

कडेला बारीक अक्षरात, सविस्तर पत्र मागून बंद पाकिटात टाकते.

१७ मार्च, बुधवार

पाकीट आलं. शहाण्यांनी लिहून कळवलं की अर्ज चांगला आहे, तारा चांगला आहे, पण दोनच पाळ्यांचं काम म्हणजे नेम धरून एकच दगड मारणं, चुकला तर सगळं गेलं. ज्यांनी सहा मागितल्या त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना दोन-दोन मिळाल्या.

म्हणजे माझ्यामुळे गेलं. तिचे सर बरोबर होते आणि मी तलावाच्या पारीवर बसून अमेरिकेला अक्कल शिकवत होते. हे लिहायला अर्धा दिवस गेला. शाई सुकली होती असं रुखमाला सांगितलं.

दुपारी शकुनबाई आली. तोंड असं केलं होतं की कोणी मेलं असावं. बाहेरच्यांपुढे बोलायचं नाही हे खरं, पण विचारलेल्याला उत्तर द्यायचं नाही असं काही दिव्यापुढे ठरलं नव्हतं.

"गिरजाबाई, खरं आहे का हो? तुळसाची पाळी हुकली म्हणे."

"हुकली."

"किती दिवस झाले?"

"दिवस कायचे, साऱ्या वर्षाची गेली. अन एक नाई, दोन."

ती खाली बसली. "अन तुमी एवढ्या शांत?"

"मी कायले रडू? माह्याच सल्ल्यानं तं झालं."

शकुनबाईनं खांब धरला. मग हळूच विचारलं, टिकारामला ठाऊक आहे का. मी म्हटलं, आहे, तो म्हणतो बरं झालं, लग्न लवकर उरकू. तिनं दाराकडे पाहून घेतलं. मग अगदी कानाशी आली.

"कोणाचं आहे हो?"

"अमेरिकेचं अन युरोपचं. दोघाईचं मिळून."

चहा ठेवला होता, तो न पिताच गेली. आमच्या पोरीचं एवढं दुःख या बाईला असेल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी दोन कच्च्या पपया पाठवल्या, तुळसाकडे पोचवा म्हणून निरोप. बंगलोरला पपया मिळत नाहीत का? आम्हीच भाजी केली. बरी झाली, जरा कोरडी.

१८ मार्च, गुरुवार

तुळसाला पत्र टाकलं. काय लिहिलं त्याची नोंद ठेवते.

पाळी हुकली म्हणून घरी येऊन रडायचं नाही. पारीवर फावडं घेऊन बसायचं. कोणाचा बैल मरतो, कोणी दारू पिऊन झोपतो, कोणाच्या घरी पाहुणे येतात. पाळी मोकळी पडते. पाणी तर सुटलेलं असतं, ते परत तलावात जात नाही. तेव्हा पाणकर एवढंच पाहतो की जवळ कोण उभा आहे आणि कोणाचे धुरे बांधलेले आहेत. तुझे बांधलेले आहेत. त्या स्पेनच्या तेजरामला लिही की मे महिन्यात कोणाची पाळी मोकळी पडली तर मी तयार आहे, तारीख ही, तारा हा, मिनिटं इतकी. आणि विनवणी करू नको.

खाली हेही लिहिलं की दोन मागायचा सल्ला माझा होता आणि तो चुकला असेल. 'असेल' लिहिलं. 'चुकला' एवढंच लिहायला हात गेला नाही.

२९ मार्च, सोमवार

यादोरावचं पत्र. टिकाराम मोठ्यानं वाचू लागला आणि अर्ध्यावर थांबला. मी हातातून घेतलं.

"आपल्या मुलीची पाळी चुकल्याचे खात्रीलायक समजले. सबब आमच्या मुलाचा विचार आम्ही येथेच थांबवत आहोत. मुलीच्या पोस्टकार्डाचा मजकूर सर्व गावास ठाऊक आहे. डबा परत पाठवावा."

मी दोनदा वाचलं. मग शकुनबाई आठवली. किती दिवस झाले. कोणाचं आहे. पपया.

मी हसले. इतकी हसले की रुखमा पाणी घेऊन धावली. टिकाराम कपाळाला हात लावून बसला होता. दुसऱ्याची अक्कल काढण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्याच ओसरीवर एक बाई मला काय विचारते ते मला कळलं नाही. पोरीची अब्रू मी स्वतः एकेक उत्तर देऊन वेशीवर टांगली.

टिकाराम चपला घालू लागला. म्हणे आत्ता भंडाऱ्याला जातो, खुलासा करतो. मी म्हटलं, काय सांगशील? पाळी आमच्या पोरीची नाही, दुर्बिणीची हुकली? यादोराव तुला लोट्यासारखा वाजवून पाहील. तो परत बसला.

डबा मात्र आजच बसनं पाठवला. झाकण बसतच नव्हतं.

१२ एप्रिल, सोमवार

विहिरीवर बायका गप होतात मी गेले की. सत्तर वर्षांत हे पहिल्यांदा. आधी मी आले की सगळ्या बोलायला लागायच्या, म्हणजे मी ऐकून दमेन आणि बोलणार नाही.

खरं लिहायचं तर मी खुलासा करू शकते. शकुनबाईच्या अंगणात उभी राहून ओरडले तरी पुरे. कुलपाचं कारण सांगते, पण सोयरीक तर मोडली, कुलूप कशाचं? खरं कारण हे की खुलासा केला तर यादोराव परत येईल. आणि पाळी नाही मिळाली तर बापाचा शब्द आहे. म्हणून पोरीचं नाव चिखलात लोळू देते आहे. हे बरं की वाईट ते मला कळत नाही. तुळसाला सगळं लिहून विचारलं. तिचं उत्तर दोन ओळींचं, "आजी, लोकांना बोलू दे. मी पारीवर बसले आहे, उठू नको म्हणालीस ना?"

ही पोरगी माझ्यावर गेली असं रुखमा म्हणते. मला तरी तिचं अक्षर पाहून तसं वाटत नाही.

३० एप्रिल, शुक्रवार

भर दुपारी टेकचंद सायकल हाणत आला. तार होती. तार म्हटल्यावर आळी गोळा झाली, शकुनबाई सगळ्यांत पुढे. इंग्रजी अक्षरं, मजकूर मराठी. टेकचंदनं मोठ्यानं वाचलं, "पाली मिळाली, मे वीस."

कोणी म्हणालं, पाल मिळाली म्हणजे अपशकुन. कोणी म्हणालं, बंगलोरला पाली मिळत नसतील पूर्वी. मी तार हातात घेतली. इंग्रजीत ळ नाही, एवढी मोठी भाषा आणि एका ळ ची सोय नाही.

"पाली नाई रे. पाळी. पाळी आली."

एवढंच बोलले. शकुनबाईनं दोन्ही हात जोडून वर पाहिलं, आणि लगेच मारुतीला नारळ फोडायला गेली. तिथून तशीच भंडाऱ्याच्या बसला. मी बोलावलं नाही, थांबवलंही नाही.

४ मे, मंगळवार

सकाळी तुळसाचं पत्र आलं, दुपारी यादोरावचं.

तुळसाचं आधी. स्पेनमध्ये एकाची वीस मेची पाळी होती, त्याचं काही कारणानं जमेना. आयत्या वेळी कोणाला द्यायची म्हणून तिथल्या लोकांनी नाकारलेले अर्ज काढले. त्यातही ज्यांनी सहा मागितल्या होत्या त्यांचं आठ तासांत काही बसेना. एकाच अर्जात तारीख होती, मिनिटं होती, आणि त्या दिवशी तो घरजावई झाकलेलाच असणार आहे. झाकायच्या आधीची नोंद दुसऱ्या कोणाची आहे, ती ते देतात. एक पाळी पुरते. शेवटी लिहिलं आहे, "आजी, धुरे बांधलेले होते."

मी काही रडले नाही. लाकडं ओली होती.

आता यादोराव. "ईश्वरकृपेने आपणांकडे सर्व सुरळीत झाल्याचे समजले. झाले गेले विसरावे. वैशाख संपण्याच्या आत, वीस मेचा मुहूर्त चांगला आहे. मुलीस नोकरी सोडून आठ दिवस आधी बोलवावे. डबा सोबत पाठवला आहे. होकार उलट टपाली."

टिकारामचा चेहरा उजळला. पेन शोधू लागला. रुखमा साखर काढायला उठली.

मी पेन उचलून पदराखाली घेतलं आणि त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "ऑक्टोबरात सगळ्याईपुढे काय बोलला होतास?"

तो म्हणाला, "माय, तेव्हा कोणाले वाटलं होतं..."

"काय बोलला होतास?"

तो म्हणाला, "पाळी मिळाली तं जाय."

"अन यादोरावले नाई कोण म्हणणार होतं?"

त्यानं पत्र माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, माय, तूच लिही, तुझं तोंड चालते, माझं चालत नाही. मी तोंडावर बोट ठेवलं आणि दिव्याकडे दाखवलं. कुलूप त्यानं लावलं, किल्ली त्याच्याकडे. लग्नाच्या गोष्टीत एक शब्द बोलायची नाही मी.

म्हणून इथं लिहून ठेवते आणि हे पान उघडं त्याच्यापुढे ठेवते. या पत्राला मी उत्तर देणार नाही. रुखमानं द्यायचं नाही. शकुनबाईनं तर भंडाऱ्याची बससुद्धा पाहायची नाही. तुळसानं मुळीच द्यायचं नाही, तिला दुनियेनं आठ तास दिले आहेत, त्यातलं एक मिनिट यादोरावला जाणार नाही. उत्तर टिकारामनं द्यायचं, स्वतःच्या अक्षरात, आज पाचच्या बसच्या आधी, डब्यात घालून. झाकण सुतळीनं बांधावं.